कामावरचा ट्रक: जुन्या लष्करी गाड्यांच्या देखभालीविषयी

महाराष्ट्रात निवृत्त रणगाड्याला चौथरा मिळतो. चौकात, सैनिकी शाळेच्या दारात किंवा स्मारकाच्या आवारात तो तोफ वर करून उभा असतो, वर्षाकाठी त्याला रंग मिळतो, मुलं त्याच्यापुढे फोटो काढतात. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. या रणगाड्यांचं इंधन, दारूगोळा, शिधा आणि जवान ज्या ट्रकांनी वाहिले, त्यांच्या नशिबी चौथरा क्वचितच आला. ट्रक लष्करातून बाद झाला की लिलावात गेला, आणि लिलावातून थेट दुसऱ्या कामावर रुजू झाला. त्या कामावर गेलेल्या ट्रकबद्दल हे पुस्तक आहे. तो कसा उघडावा, कसा तपासावा, कसा चालता ठेवावा, आणि सगळ्यात आधी, त्याला हात लावण्यापूर्वी त्याच्याकडे कसं पाहावं, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

सांगली जिल्ह्यातलं विटा हे अशा गाड्यांबद्दल लिहायला योग्य ठिकाण आहे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि वरच्या अंगाला माण-खटाव, हा सगळा अवर्षणाचा पट्टा. कृष्णाकाठचा ऊस इथून फार दूर नाही, पण टेंभू उपसा योजनेचं पाणी येईपर्यंत तो दुसऱ्या देशातला वाटावा इतका दूर होता. पोटासाठी इथल्या माणसांनी दोन वाटा धरल्या. एक सोन्या-चांदीच्या गलाईची; त्या धंद्यातून इथली घरं देशभर पांगली. दुसरी सैन्याची. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावानं एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ कायमचं लागलं. बाकीच्या गावांच्या नावापुढे काही लागलं नाही, पण भरती तिथूनही होतच राहिली. दुसऱ्या महायुद्धात तर असं चित्र होतं की एकाच गावातला एक तरुण प्रतिसरकारच्या तुफान सेनेत भूमिगत आहे आणि दुसरा इटलीत किंवा ब्रह्मदेशात लष्कराची गाडी हाकतो आहे.

सगळेच बंदूकवाले नव्हते. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर, १९४३ साली उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या शाखेत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेली माणसंही होती. पेन्शन घेऊन परत आल्यावर यातले काही एसटीत लागले, काहींनी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. त्यांनी घरी आणलेली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक सवय. गाडी निघण्याआधी एकदा पाहायची, मधल्या थांब्यावर चाकाच्या ड्रमला हात लावून पाहायची, परत आल्यावर पुन्हा खाली वाकून पाहायची. लष्करात ही परेड असते, चुकली तर शिक्षा असते. गॅरेजात शिक्षा करणारं कोणी नव्हतं, तरी ही माणसं वाकून पाहत राहिली. आज पन्नास-साठ वर्षांच्या, काही तर ऐंशी वर्षांच्या गाड्या या भागात चालत्या सापडतात, त्याचं पहिलं कारण मी ही सवयच मानतो. सुटे भाग, पैसा, हौस ही कारणं त्यानंतरची.

गाड्या कोणत्या, हे आधी सांगायला हवं. ढोबळमानाने दोन पिढ्या आहेत. पहिली दुसऱ्या महायुद्धाची. विलीज आणि फोर्डच्या जीप, ज्या सहा लाखांहून अधिक बनल्या. पाऊण टनी डॉज, जिला वेपन कॅरिअर म्हणतात. जनरल मोटर्सची अडीच टनी, सहाही चाकांना ताकद देणारी जीएमसी, जी साडेपाच लाखांहून जास्त बनली. आणि कॅनडात ब्रिटिश लष्कराच्या मापाने बांधलेल्या चपट्या नाकाच्या फोर्ड आणि शेव्हरोलेट, सुमारे चार लाख. या कॅनेडियन गाडीची केबिन मुद्दाम आखूड केलेली, म्हणजे जहाजात कमी जागेत जास्त गाड्या मावतील. त्यापायी इंजिन अर्धं केबिनमध्ये शिरलं, आणि एप्रिलच्या उन्हात ड्रायव्हरच्या गुडघ्याला त्याचा जाच आजही होतो. युद्ध संपल्यावर लष्कराने हा पसारा डिस्पोजलमध्ये काढला. नवीन ट्रक मिळणं तेव्हा मुश्कील होतं, म्हणून व्यापारी, ठेकेदार, संस्थानी अधिकारी, लाकूडवाले सगळेच डिस्पोजलच्या मालावर तुटून पडले. वाहतुकीच्या अनेक घराण्यांची पहिली गाडी ही अशी आहे.

दुसरी पिढी जबलपूरची. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे तिथल्याच व्हेईकल फॅक्टरीत शक्तिमान ट्रक बनू लागला, तो नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिला. ६५ आणि ७१ च्या लढायांत भारतीय लष्कराचं ओझं त्यानं वाहिलं. त्याच्या जोडीला निसानच्या परवान्यावरचा एक टनी ट्रक आणि जोंगा. जोंगाचं ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन ज्यानं एकदा नीट टॅपेट बांधलेल्या अवस्थेत ऐकलं, तो ते विसरत नाही. शक्तिमानला ‘व्हिंटेज’ म्हणायला काही मंडळी नाक मुरडतात. मला तो भेद मान्य नाही. साठच्या दशकात बनलेला शक्तिमान आज साठीला आला आहे, आणि तो आपल्या देशात घडलेला आहे. उद्या त्याचे भाग मिळेनासे होतील, तेव्हा परदेशातून कोणी ते पाठवणार नाही. जीपचं दुकान जगभर आहे. शक्तिमानचं आपल्यालाच मांडावं लागेल. म्हणून या पुस्तकाची निम्मी पानं त्याला दिली आहेत.

लष्करातून सुटल्यावर या गाड्यांनी इथं काय केलं? १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेण्याची लाट आली, तेव्हा मुरमाड टेकाडावर, ओढ्याच्या पात्रात, वाट नसलेल्या वावरात मशीन घेऊन जायला पुढच्या चाकांनाही ताकद असलेली गाडी लागायची. टँकर म्हणून पाणी वाहिलं. खाणीतला दगड ओढला. आणि सगळ्यात जास्त टिकल्या त्या क्रेन झालेल्या गाड्या. हौदा काढून मागे लोखंडी डोल उभा केला, पीटीओवर किंवा हाताच्या गिअरवर दोर गुंडाळणारा ड्रम बसवला, की टोचनाची गाडी तयार. गुहागर-विजापूर रस्त्यावर भिवघाटात बंद पडलेला मालट्रक ओढून आणायला वर्षानुवर्षं हीच गाडी जायची.

या दुसऱ्या आयुष्यात गाडी बदलत गेली. पेट्रोल परवडेना, म्हणून मूळ इंजिन उतरवून पर्किन्स पी-६ सारखं डिझेल चढवलं. डिझेल जड, म्हणून पुढच्या कमानीत पाटे वाढवले. सहा व्होल्टचे बल्ब मिळेनात, म्हणून वायरिंग बारा व्होल्टवर नेलं. केबिनचं दार सडलं, तर दुसऱ्याच कंपनीचं दार बिजागरी बदलून लावलं. जुन्या गाड्या हौसेनं जमवणाऱ्यांना हे सगळं डोळ्यांत खुपतं. त्यांच्या दृष्टीने हे विद्रूपीकरण असतं आणि गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाच्या रूपात परत नेणं हे पवित्र काम. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि हे पुस्तक त्या म्हणण्यावर उभं आहे. आधीची प्रत्येक दुरुस्ती ही कोणातरी मिस्त्रीनं, त्याच्या हाताशी असलेल्या सामानातून, विचार करून काढलेली वाट असते. ती उखडण्यापूर्वी वाचली पाहिजे. वाचल्यावर कळतं की काही दुरुस्त्या मूळ कामापेक्षा सरस आहेत, काही सोसण्याजोग्या आहेत आणि काही जिवावर बेतणाऱ्या आहेत. हा निवाडा ज्याला करता येतो तो मेकॅनिक. नुसती भागांची अदलाबदल कोणीही करील.

या पुस्तकातले बरेच फोटो एका पाऊण टनी डॉजचे आहेत, जिनं आपलं बहुतेक आयुष्य क्रेन म्हणून घालवलं. तिच्या बॉनेटवर दोन बोटं मावतील एवढी जागा आम्ही ओल्या पॉलिश पेपरनं हळूहळू घासत नेली. वरचा पिवळा, त्याखाली करडा, त्याखाली पुन्हा पिवळा पण जरा केशरीकडे झुकणारा, मग पातळसा काळा, आणि सगळ्यात खाली पत्र्याला चिकटून बसलेला मळकट हिरवा. रंगाची ही खिडकी आम्ही तशीच ठेवली आहे, वर नुसता वॉर्निश मारून.

खरी गोष्ट चासीत होती. क्रेनचं वजन आल्यावर मागच्या चाकांच्या जरा पुढे चासीला तडा जाणं ठरलेलं. घाईचा मिस्त्री अशा वेळी तड्यावर उभं-आडवं वेल्डिंग ओढून मोकळा होतो. वर्षभरात वेल्डिंगच्या कडेनं नवा तडा जातो, कारण उष्णतेनं तिथलं लोखंड ठिसूळ झालेलं असतं. या डॉजवर काम केलेल्या माणसानं तसं केलं नव्हतं. त्यानं तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तडा आधी थांबवला. मग आतून चॅनेलची पट्टी घालून ती रिव्हेटांनी बसवली. पट्टीची टोकं त्यानं चौकोनी ठेवली नव्हती, तिरकी निमुळती कापली होती, म्हणजे पट्टी जिथं संपते तिथं सगळा ताण एका रेषेवर येऊ नये. रिव्हेट चासीच्या उभ्या भागात मारले होते, वरच्या-खालच्या पाळीला एकही भोक नव्हतं. हे ज्ञान त्याला कुठून आलं असेल? लष्करातून, एसटीच्या डेपोतून किंवा एखाद्या उस्तादाकडून. काम मात्र इतकं चोख की आम्ही ते हलवलं नाही. तार-ब्रशनं गंज काढला, रिव्हेटांवर हातोडी वाजवून आवाज ऐकला, आणि रंग दिला.

त्याच गाडीचा ब्रेक मात्र आम्ही पूर्ण काढून टाकला. मूळ मास्टर सिलिंडर कधीतरी गेला होता आणि त्याजागी दुसऱ्या, हलक्या गाडीचा बसवला होता. भोकाचा व्यास लहान. पायाला ब्रेक हलका लागायचा, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटायचं की ब्रेक झकास आहे. प्रत्यक्षात चारही व्हील सिलिंडरांना पुरेल एवढं तेल तो ढकलतच नव्हता. थंड ड्रमवर निभायचं. घाट उतरताना ड्रम तापून फुगला की पेडल थेट फळीला टेकायचं. एकाच गाडीवर एक दुरुस्ती राखण्यासारखी आणि दुसरी तातडीनं उखडण्यासारखी. दोन्हीवर रंग सारखाच होता.

ब्रेकबद्दल पुढे मोठं प्रकरण आहे, तरी एक गोष्ट इथंच. या गाड्यांना ब्रेकची लाइन सहसा एकच असते. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइनी असतात, त्यामुळे तरुण मेकॅनिकला या धोक्याची सवय नसते. शिवाय डीओटी ३ तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या तळाशी तेच पाणी बसतं आणि भोकाला गंजाचे खड्डे पडतात. नवीन रबर घातलं तरी ते खड्ड्यांवर फाटतं. खड्डेवाला सिलिंडर होन करून वापरू नका. लेथवर भोक मोठं करून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह घाला आणि भोक मूळ मापावर आणा. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मिरज-सांगलीच्या लेथवर उत्तम होतं.

आता पाणी. आमच्या भागात इंजिनं जितकी पाण्यानं मेली तितकी तेलानं मेली नाहीत. इथल्या बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतो. फोर्डच्या व्ही-८ इंजिनात सायलेन्सरकडे जाणारा धूर ब्लॉकच्या पाण्यातूनच वाट काढतो, त्यामुळे ते आधीच तापट. त्यात क्षाराचा थर बसला तर उकळी ठरलेली.

डॉजच्या २३० घन इंची इंजिनात याहून फसवी गोष्ट आहे. पाण्याच्या पंपामागे ब्लॉकमध्ये एक लांब चपटी नळी सरकवलेली असते. तिला ठरावीक अंतरावर खिडक्या असतात. थंड पाणी त्या खिडक्यांतून प्रत्येक व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत, अगदी मागच्या सहाव्या सिलिंडरपर्यंत पोचावं यासाठी ती आहे. पंप काढल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून ती आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. पत्र्याची ही नळी गंजून पुढच्या बाजूला फुटली की सगळं पाणी पुढच्या सिलिंडरांना मिळतं आणि मागचे कोरडे भाजतात. काटा थोडाच वर दिसतो. मालक रेडिएटर बदलतो, मग पंप बदलतो, मग हेड पॅकिंग. मागचे व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा जळत राहतात. एका इंजिनातून आम्ही ही नळी काढली तेव्हा ती अखंड आलीच नाही. पुढचा वीतभर तुकडा हाताला लागला, उरलेली वाकडा हूक केलेल्या सळईनं पापुद्र्या-पापुद्र्यांनी ओढावी लागली. प्रत्येक पापुद्र्यासोबत ओल्या विटकरी गाळाचा गोळा बाहेर येत होता. नवी नळी पितळी पत्र्याची करून घेतली. जुन्या तुकड्यांवरून खिडक्यांची मापं घेतली, मागे जाताना त्या मोठ्या होत जातात हे त्यावरूनच कळलं. रेडिएटरला बोअरचं पाणी घालू नका. पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीचं पाणी घाला, त्यात कूलंट मिसळा. विट्यासारख्या ठिकाणी हा सल्ला इंजिन-तेलाच्या सल्ल्याच्याही आधी देतो.

चाकाबद्दल लिहिताना मला आवाज चढवावा लागतो. महायुद्धातल्या अनेक गाड्यांची डिस्क दोन पाळ्यांची असते. दोन अर्धुकं नटबोल्टांनी एकत्र धरलेली, मध्ये टायर. चाक हबला धरणारे नट वेगळे आणि दोन अर्धुकं धरणारे नट वेगळे. टायरात हवा असताना हे दुसरे नट सैल केले, तर पाळी उडते आणि समोर बसलेल्या माणसाला जिवानिशी घेऊन जाते. ब्रिटिश आणि कॅनेडियन गाड्यांवर या नटांना लाल रंग द्यायची पद्धत त्यासाठीच होती. आज त्यांवर रंगाचे इतके थर असतात की लाल दिसतच नाही. गाडी ताब्यात आल्या दिवशी, दुसरं काहीही करण्याआधी, हे नट ओळखा आणि त्यांना लाल रंग द्या. शक्तिमानसारख्या लॉकरिंगच्या डिस्कला नियम दुसरा: हवा भरताना साखळी गुंडाळा किंवा पिंजऱ्यात ठेवा, रिंग वाकडी किंवा गंजकी असेल तर फेकून द्या, आणि समोर कोणाला उभं राहू देऊ नका. पंक्चरवाल्या पोरालाही नाही.

इंधनाचा प्रश्न नवा आहे आणि तो आमच्याच शिवारातून आला आहे. सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये जातं. २०२३ पासून २० टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. शेतकऱ्याच्या उसाला त्यातून दर मिळत असेल तर चांगलंच आहे. पण १९४३ च्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचा बुचाचा फ्लोट, जुन्या रबरी नळ्या यांनी असं पेट्रोल कधी पाहिलेलं नाही. पडदा मऊ होऊन फुगतो आणि फाटतो. टाकीच्या तळाचा जुना गंज सुटून जेटमध्ये अडकतो. उपाय अवघड नाहीत. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा आणि नळ्या, बुचाऐवजी पितळी फ्लोट, काचेची वाटी असलेला फिल्टर, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे. ऑक्टेनची काळजी नको. ही कमी कॉम्प्रेशनची इंजिनं याहून हलक्या पेट्रोलवर चालायला बनली होती. उन्हाळ्यात मात्र पेट्रोल लाइनमध्येच उकळून वाफ होतं आणि गाडी चढावर गचके देऊन बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. आजही तेच करा, आणि सवड मिळेल तेव्हा लाइन सायलेन्सरपासून लांब न्या.

गिअरबॉक्सच्या तेलात लोक हटकून एक चूक करतात. दुकानदार ‘चांगलं’ म्हणून जीएल-५ देतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी बूश असतात, आणि या तेलातली गंधकाची द्रव्यं पितळ खाऊ शकतात. गिअरबॉक्सला जीएल-४ च मागा.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. डबल क्लच शिकल्याशिवाय या गाडीला हात लावू नका, नाहीतर गिअरचे दात तुम्ही विकत आणलेल्या भावात परत मिळणार नाहीत. आणि डांबरी रस्त्यावर पुढचं एक्सल जोडून ठेवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत ती घसरून ताण सोडवतात, डांबरावर तो ताण क्रॉस आणि गिअरमध्ये साठत जातो. एके दिवशी काहीतरी तुटतं आणि दोष जुन्या लोखंडाला जातो.

कागदपत्रांचं प्रकरण छोटं आहे, पण ते आधी वाचा. लष्करी नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन अंक वर्ष सांगतात. प्लेटचा जुना पत्रा मिळाला तर तो विकू नका, फेकू नका. लिलावाचं पत्र, चासी नंबर आणि एमएच-१० किंवा त्याआधीच्या जुन्या मालिकेतली नोंद एकमेकांशी जुळते का, हे पैसे देण्याआधी बघा. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको, आणि तिचा धंद्यासाठी वापर नको. हा नियम मोटारी आणि मोटारसायकली डोळ्यांपुढे ठेवून झाला आहे. ज्या ट्रकानं दुष्काळात पाणी वाहिलं, बोअर मारले, घाटातून टोचन केलं आणि त्यासाठी इंजिन बदलून घेतलं, त्याला या चौकटीत जागा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. त्याचं बदललेलं इंजिन हाच त्याच्या इतिहासाचा पुरावा आहे. काम करून झिजलेल्या आणि बदललेल्या वाहनांसाठी वेगळा वर्ग व्हायला हवा, ज्यात बदल कधी आणि कशासाठी झाला याची नोंद असली की पुरे.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. जीपचे मिळतात. डॉज आणि जीएमसीचे शोधावे लागतात. दिल्लीचं मायापुरी, हरियाणातलं मंडी डबवाली, मुंबईतलं कुर्ला ही ठिकाणं ठाऊक असावीत. गलाईच्या धंद्यामुळे इथल्या माणसाला देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात गाववाला सापडतो. भाग शोधताना ही ओळख फार कामी येते. फोटो पाठवला की कोणीतरी सराफ कट्ट्यावरून उठून भंगार बाजारात जाऊन येतं. जे मिळत नाही ते घडवावं लागतं, आणि त्यासाठी आटे ओळखता आले पाहिजेत. अमेरिकी गाडीचे आटे साठ अंशांचे, ब्रिटिश व्हिटवर्थ पंचावन्न अंशांचे, शक्तिमान आणि निसानचे मेट्रिक. दुसऱ्या जातीचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग अडतो, मग कोणीतरी पान्याला पाईप लावून तो फिरवतो आणि हाउजिंगचे आटे कायमचे जातात. नुसतं डोक्याचं माप पाहू नका. आट्यांचं गेज जवळ ठेवा.

आणि मूळ पुस्तिका मिळवा. अमेरिकेच्या युद्ध खात्यानं १९४४ साली काढलेल्या टीएम ९-८०१ या जीएमसीच्या आणि टीएम ९-८०३ या जीपच्या पुस्तिका आजही उपलब्ध आहेत. नव्यानं भरती झालेल्या पोरांनाही समजाव्यात अशा त्या लिहिल्या होत्या. जागोजागी चित्रं, काय कुठं आहे ते दाखवलेलं. मराठीत तसं लिहिता यावं, एवढीच या पुस्तकाची महत्त्वाकांक्षा आहे. म्हणूनच इथं गॅरेजातले शब्द ठेवले आहेत. पाटे, जॉइंट, क्रॉस, पॅकिंग, गोटी पाना, हवा काढणे हे शब्द जिथं रोज बोलले जातात तिथं हे पुस्तक उघडलं जावं, तेलकट हातांनी.

एक इशारा हौशी मालकांना. महिन्यातून एकदा पाच मिनिटं गाडी सुरू करून बंद करणं म्हणजे देखभाल नव्हे. त्यानं नुकसान होतं. इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, ते तेलात उतरतं. गाडी बाहेर काढा, अर्धा-पाऊण तास चालवा, चढ चढवा, ब्रेक वापरा, पुढचं एक्सल मातीच्या वाटेवर जोडून पाहा. परत आल्यावर चारही ड्रमना हात लावा. एक जास्त गरम असेल तर तिथला शू चिकटतो आहे. एक थंड असेल तर तो कामच करत नाही.

शेवटच्या भागात कोरी पानं सोडली आहेत. ती गाडीची वही. तारीख, किलोमीटर, काय उघडलं, काय सापडलं, काय बसवलं, कुठल्या मापाचं, कुठल्या लेथवर, असे रकाने आहेत. काढलेला भाग टाकून दिला की ठेवला, यालाही रकाना आहे, कारण डॉजच्या नळीचं माप आम्हाला गाळातल्या तुकड्यांवरूनच मिळालं. आणि काम करणाऱ्या मिस्त्रीचं पूर्ण नाव आणि गाव लिहायला एक रुंद रकाना मुद्दाम ठेवला आहे. त्या डॉजच्या चासीला इतकी नेटकी पट्टी मारणाऱ्याचं नाव आम्ही पुष्कळ शोधलं, मिळालं नाही. तुमच्या गाडीवर आज जो काम करतो आहे, त्याला हा रकाना स्वतःच्या अक्षरात भरायला सांगा, मजुरी चुकती करण्याआधी.